दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न आणि आजची फी

अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या घरी कमावत्या माणसाची नोकरी गेली, तर त्या मुलाला मिळणाऱ्या अनुदानाचे काय होते? उत्तर सरळ असावे असे वाटते. उत्पन्न घटले की गरज वाढते, आणि गरज वाढली की मदतही वाढली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र ही मदत आपोआप वाढत नाही. सरकारी सूत्राला त्या घरावर कोसळलेले संकट दिसतच नाही, कारण ते दोन वर्षांपूर्वीच्या पगाराकडे पाहून मदत ठरवत असते. ते दिसावे म्हणून कायद्याने एक वेगळा दरवाजा ठेवला आहे. तो उघडता येतो, पण कोणीतरी जाऊन ठोठवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आज अमेरिकेत आहे. २०२२ च्या अखेरीपासून तिथल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली, तेव्हा मुले नेमकी कॉलेजच्या वयात असलेली अनेक मराठी घरेही तिच्यात सापडली. त्यामुळे ही व्यवस्था समजून घेणे ही आपल्या वाचकांच्या दृष्टीने निव्वळ परदेशी माहिती राहिलेली नाही.

व्यवस्थेची उभारणी

८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस या गावी, आपण स्वतः जिथे शिकलो त्या कॉलेजात, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीचा पाया या कायद्याने घातला. १९७२ मधल्या दुरुस्तीने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी थेट विद्यार्थ्याच्या नावाने मिळणारे मूलभूत अनुदान सुरू झाले. त्यासाठी झटलेले ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव १९८० मध्ये त्याला देण्यात आले. हेच आजचे पेल ग्रँट. ते परत फेडावे लागत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे.

हे अनुदान, केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज, बहुतेक राज्यांची अनुदाने आणि पुष्कळ कॉलेजांची स्वतःची मदत, या सगळ्यांसाठी एकच अर्ज मुख्य असतो. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सगळे 'फाफ्सा' म्हणतात. अर्जातल्या माहितीवरून सरकार एक आकडा काढते. पूर्वी त्याला कुटुंबाचा अपेक्षित वाटा असे नाव होते. २०२४-२५ पासून त्याची जागा 'स्टुडंट एड इंडेक्स' या निर्देशांकाने घेतली. हा निर्देशांक जितका खाली, तितकी गरज मोठी. तो शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणे-जेवण, पुस्तके, प्रवास, यांतून हा आकडा वजा केला की उरते ती विद्यार्थ्याची आर्थिक गरज.

पेल ग्रँटची गणना त्याहून थोडी सोपी आहे. आईवडील दोघेही असलेल्या घराचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १७५ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण अनुदान मिळते. एकट्या पालकाच्या घरासाठी ही मर्यादा २२५ टक्के आहे. त्याच्या वर उत्पन्न असेल तर कमाल रकमेतून निर्देशांक वजा करतात. म्हणजे निर्देशांक ३,००० आला तर अनुदान ४,३९५ डॉलर. ही उतरंड आहे, एकदम तुटणारा कडा नाही. उत्पन्नात झालेला बदल सूत्रात शिरला की अनुदान त्या मानाने हलते. प्रश्न तो बदल सूत्रात शिरण्याचाच आहे.

दोन वर्षांचे अंतर कुठून आले

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या अर्जात उत्पन्न विचारले जाते ते २०२३ सालचे. पूर्वी हे अंतर एका वर्षाचे होते. तेव्हा अर्ज जानेवारीत सुरू व्हायचा, पण आयकर विवरणाची मुदत १५ एप्रिलपर्यंत असे. त्यामुळे लोक अंदाजाने आकडे भरत, मग दुरुस्त करत, आणि मदतीचे पत्र हातात पडायला उशीर होई. २०१५ मध्ये ओबामा सरकारने ठरवले की आणखी एक वर्ष मागे जायचे. २०१७-१८ च्या अर्जापासून हा बदल लागू झाला आणि अर्ज ऑक्टोबरमध्येच उघडू लागला. दोन वर्षांपूर्वीचे विवरण तोवर दाखल झालेले असते, त्यामुळे आकडे थेट कर खात्याकडून घेता येतात. बहुसंख्य घरांची यात सोयच झाली, कारण बहुसंख्य घरांचे उत्पन्न दोन वर्षांत फारसे बदलत नाही.

ज्यांचे बदलते, त्यांच्यासाठी मात्र आजच्या अडचणीपासून अर्ज आणखी एक वर्ष दूर गेला. त्यातही एक विसंगती आहे. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात, पण बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक अर्ज भरण्याच्या दिवसाची धरतात. त्यामुळे नोकरी जाताना मिळालेली एकरकमी भरपाई त्या दिवशी खात्यात पडून असेल, तर कागदावर घर जुन्या पगाराचेही दिसते आणि भरल्या खात्याचेही. प्रत्यक्षात त्याच पैशांवर पुढचे सहा महिने काढायचे असतात.

कायद्यातला दरवाजा

सूत्र कितीही विचारपूर्वक बांधले तरी प्रत्येक घर त्यात बसणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून उच्च शिक्षण कायद्याच्या ४७९-ए या कलमाने प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत अधिकाऱ्याला एक अधिकार दिला आहे. विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती विशेष असेल, तर तो अर्जातले आकडे स्वतःच्या व्यावसायिक विवेकाने बदलू शकतो. दोन वर्षांपूर्वीच्या पगाराच्या जागी चालू वर्षाचे अपेक्षित उत्पन्न घालू शकतो, किंवा कॉलेजच्या खर्चाचा अंदाज वाढवू शकतो. निर्देशांकाचे सूत्र त्याला बदलता येत नाही. सूत्रात जाणारे आकडे तेवढे बदलता येतात.

विशेष परिस्थितीत काय काय बसते याची उदाहरणे कायद्यातच आहेत. नोकरी किंवा उत्पन्नातला बदल, विम्यातून न मिळालेला औषधोपचाराचा मोठा खर्च, घरातल्या कोणाचे गंभीर अपंगत्व, मुलांच्या किंवा वृद्धांच्या सांभाळाचा असाधारण खर्च, राहते घर सुटणे, ही त्यातली काही. कमावत्या व्यक्तीचा मृत्यू किंवा आईवडिलांचा घटस्फोटही याच मार्गाने पाहिला जातो. रोजचा घरखर्च, वीजबिल किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ही कारणे मात्र सहसा चालत नाहीत.

२०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या सुलभीकरण कायद्याने या अधिकाराला दोन महत्त्वाच्या अटी जोडल्या. 'आम्ही असे अर्ज घेतच नाही' असे सरसकट धोरण आता कोणत्याही कॉलेजला ठेवता येत नाही. आणि असा फेरविचार मागता येतो हे विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगणे बंधनकारक आहे. तरी प्रत्येक प्रकरणाचा निर्णय स्वतंत्रपणे, कागदपत्रे पाहून, तो अधिकारीच करतो. त्याच्या निर्णयावर केंद्रीय शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. एका कॉलेजने मान्य केलेली गोष्ट दुसऱ्या कॉलेजला बांधील नसते. मुलाने मध्येच कॉलेज बदलले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मोठ्या मंदीत हा दरवाजा थोडा सैल झालेला दिसतो. २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांपर्यंत चढली, तेव्हा शिक्षण खात्याने कॉलेजांना पत्रे पाठवून हा अधिकार वापरण्याचे आवाहन केले. करोनाकाळात, २०२१ च्या जानेवारीत, पुन्हा तसेच झाले. अशी पत्रे पाठवावी लागली यातच एक गोष्ट उघड होते. विवेकाचा अधिकार फार वापरला तर सरकारी तपासणी मागे लागेल, ही धास्ती कॉलेजांच्या मनात होती. २०२१ च्या पत्रात खात्याने त्या बाबतीत कॉलेजांना आश्वस्त केले.

एक घर, दोन हिशेब

हे आकड्यांत पाहू. समजा, चार माणसांचे एक घर आहे. वडिलांचा पगार वर्षाला ७०,००० डॉलर, आईचा ४०,०००. मुलगी सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. अशा विद्यापीठात त्याच राज्यातल्या विद्यार्थ्याची फी सरासरी साडेअकरा हजार डॉलरच्या घरात जाते. राहणे-जेवण आणि बाकी सगळे धरले तर वर्षाचा खर्च तीस हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये वडिलांची नोकरी गेली.

२०२५-२६ च्या अर्जात २०२३ चे उत्पन्न गेले, म्हणजे १,१०,००० डॉलर. या उत्पन्नावर पेल ग्रँट शून्य. आता मुलीने फेरविचार मागितला. अधिकाऱ्याने २०२५ सालचे अपेक्षित उत्पन्न पाहिले. आईचा पगार ४०,००० आणि वडिलांचा बेरोजगारी भत्ता समजा ९,०००, एकूण ४९,०००. त्या वर्षीच्या हिशेबासाठी चार माणसांच्या घराची दारिद्र्यरेषा ३०,००० डॉलर धरतात. तिचे १७५ टक्के म्हणजे ५२,५००. घर या मर्यादेच्या आत आले. मुलगी पूर्णवेळ शिकत असेल तर तिला संपूर्ण ७,३९५ डॉलर मिळतील, साधारण निम्मे प्रत्येक सत्रात. मालमत्ता तीच, माणसे तीच. फरक फक्त कोणत्या वर्षाकडे पाहिले याचा.

आता पुढचे वर्ष. २०२६-२७ च्या अर्जात उत्पन्न लागेल २०२४ चे, आणि त्या वर्षी वडिलांनी जवळपास अखेरपर्यंत पगार घेतला आहे. म्हणजे सूत्र पुन्हा १,१०,००० दाखवणार, पेल पुन्हा शून्य. वडील अजून बेकार असतील तर फेरविचार पुन्हा मागावा लागेल. गेल्या वर्षीचा निर्णय आपोआप पुढे चालत नाही. २०२७-२८ च्या अर्जात मात्र २०२५ हे हलाखीचे वर्ष अवतरेल. कदाचित तोवर वडिलांना चांगली नोकरी लागलेली असेल. सूत्राला घराचे दुःख कळते, पण दोन वर्षे उशिरा.

कोणती मदत हलते, कोणती नाही

नवा निर्देशांक आला म्हणून सगळी मदत सारखी वाढत नाही, आणि इथे अनेक घरांचा अपेक्षाभंग होतो. पेल ग्रँट हे हक्काचे अनुदान आहे. विद्यार्थी पात्र ठरला की ते मिळते. कॉलेजच्या तिजोरीत किती शिल्लक आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

केंद्राचेच दुसरे एक पूरक अनुदान आहे, वर्षाला १०० ते ४,००० डॉलरचे. ते सर्वाधिक गरजूंना आधी द्यायचे असते, पण प्रत्येक कॉलेजला त्यासाठी ठरावीक रक्कमच मिळते. वर्षाच्या मध्यात पात्र ठरलेल्या मुलापर्यंत ती बहुधा उरत नाही. राज्यांच्या अनुदानांचे नियम आणि तारखा निरनिराळ्या. केंद्राच्या कर्जाची एकूण मर्यादा सहसा तीच राहते, पण गरज सिद्ध झाल्यावर त्यातला काही भाग असा होतो की शिक्षण चालू असताना त्याचे व्याज सरकार भरते.

मोठा फरक पडतो तो कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानात. हार्वर्डसारखी श्रीमंत विद्यापीठे विद्यार्थ्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. तिथे फेरविचारात गरज दहा हजारांनी वाढली तर अनुदानही तेवढे वाढू शकते. तिथली घराची तपासणीही अधिक बारीक असते. अनेक खासगी कॉलेजे फाफ्साबरोबर 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा दुसरा अर्ज मागतात, आणि फाफ्सा ज्याकडे पाहत नाही ते राहत्या घराचे मूल्यही त्यात विचारले जाते. सामान्य सरकारी विद्यापीठात किंवा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात असा निधी तुटपुंजा असतो. म्हणजे संकटातली घरे जिथे जास्त, तिथे अधिकाऱ्याचा अधिकार तेवढाच, पण हात रिकामे.

अर्ज करताना

क्रम महत्त्वाचा आहे. फाफ्सात चालू वर्षाचे घटलेले उत्पन्न स्वतःहून भरायचे नसते. जे विचारले आहे तेच, म्हणजे जुने खरे आकडे आधी भरायचे. मग कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला कळवून विशेष परिस्थितीचा त्यांचा फॉर्म घ्यायचा. अर्ज सरकारी पडताळणीसाठी निवडला गेला असेल तर ती आधी पूर्ण व्हावी लागते. सोबत लागतात ती कागदपत्रे साधी असतात. नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची पगारचिठ्ठी, भरपाईच्या रकमेचा तपशील, बेरोजगारी भत्त्याचे पत्र, आयकर विवरण, आणि वर्षभराच्या अपेक्षित उत्पन्नाचा महिन्यावार हिशेब. लांबलचक करुण पत्रापेक्षा तारखा आणि आकडे असलेले एक पान अधिक उपयोगी पडते. अधिकाऱ्याला आपला निर्णय फाइलमध्ये कागदानिशी सिद्ध करून ठेवायचा असतो.

दोन ठिकाणी घरे फसतात. एक म्हणजे एकरकमी भरपाई. ती त्या वर्षाचे उत्पन्नच मानली जाते, त्यामुळे सहा महिन्यांची भरपाई हातात असेल तर त्या वर्षी घट दिसणारच नाही. दुसरे म्हणजे निवृत्तीच्या खात्यातून काढलेले पैसे. '४०१-के' खात्यातली शिल्लक फाफ्सा मोजत नाही, पण अडचणीत ती काढली की ती रक्कम उत्पन्नात येते. साठीच्या आत काढल्यास बहुधा १० टक्के दंडही बसतो. दोन वर्षांनी भरल्या जाणाऱ्या अर्जात तेच वर्ष भरभराटीचे दिसते. ही रक्कम एकदाच आली होती आणि ती घर चालवण्यात खर्च झाली, हे तेव्हाही कागदोपत्री सांगावे लागते.

मराठी घरांसमोरचे वेगळे प्रश्न

केंद्राची मदत अमेरिकन नागरिकांना, ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि निर्वासितांसारख्या काही मोजक्या गटांना मिळते. एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्या पालकांच्या एकाच घरात त्यामुळे दोन भावंडांची स्थिती वेगळी असू शकते. भारतात जन्मून एच-फोर व्हिसावर गेलेली थोरली बहीण अपात्र, आणि तिकडे जन्मलेला धाकटा भाऊ नागरिक म्हणून पात्र. पालकांचा व्हिसा त्याच्या पात्रतेच्या आड येत नाही.

एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा व्हिसाचा दुसरा मार्ग काढायला साधारण ६० दिवस मिळतात. ते जमले नाही आणि आईवडील पुण्याला परतले, पण नागरिक असलेला मुलगा तिकडेच शिकत राहिला, तर फाफ्सा बाद होत नाही. पालकांचे भारतातले उत्पन्न डॉलरमध्ये रूपांतर करून धरले जाते. वर्षाला तीस लाखांची नोकरी पुण्यात चांगलीच म्हणायची. पण डॉलरला ८५ रुपये धरले तर ती ३५ हजार डॉलरच्या आसपास भरते. सूत्र मात्र पुढची एकदोन वर्षे जुना अमेरिकन पगारच पाहत राहील. फेरविचारासाठी हे प्रकरण भक्कम आहे, फक्त भारतीय नेमणूकपत्र आणि 'फॉर्म १६' म्हणजे काय हे अधिकाऱ्याला समजावून द्यावे लागते.

एक सावधगिरी हवी. राहते घर फाफ्सात धरत नाहीत, पण भाड्याने दिलेला पुण्यातला फ्लॅट आणि इथल्या ठेवी मालमत्तेत येतात. त्या दडवून फेरविचार मागणे हा खोटी माहिती देण्याचा गुन्हा ठरतो.

विवेक आणि माहिती

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटली की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि एक मर्यादा डोळ्यांपुढे येते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ती आठ लाखांची आहे. दाखला तिथेही मागे सरलेल्या वर्षाचाच असतो. मर्यादेची पद्धत समजायला सोपी आहे, पण रेषेच्या जरासे पलीकडे असलेल्याला ती काहीच देत नाही. अमेरिकेची उतरंड अधिक न्याय्य वाटते, शिवाय सूत्र चुकते तिथे एका माणसाला ते सुधारण्याचा अधिकार कायदा देतो. सरकारी व्यवस्थेने विवेकावर इतका विश्वास टाकणे विरळाच.

पण या विश्वासाची एक किंमत आहे. दुरुस्ती मागितल्याशिवाय होत नाही, आणि मागता येते हे ज्याला ठाऊक आहे तोच मागतो. आईवडील स्वतः कॉलेजात गेलेले असतील, ओळखीत कोणी अशी पत्रे लिहिलेली असतील, तर मुलगी कार्यालयात जाते. ज्या घरात कॉलेजात जाणारी तीच पहिली, तिथे ती मदतीच्या पत्रावरचा आकडा अंतिम मानते आणि पुढच्या सत्राची नोंदणी करत नाही. तिच्या वाट्याचे ७,३९५ डॉलर नाकारले कोणीच नाहीत, मागितलेही कोणी नाहीत. नोकरी गेल्याची बातमी ज्या आठवड्यात घरात येते, त्याच आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयाला एक पत्र जायला हवे. अमेरिकेत असलेल्या आपल्या नातेवाइकांना, मित्रांना एवढे जरी सांगितले, तरी एखाद्या मुलाचे सत्र वाचू शकेल.